मेहबूबचाचांचं शेवटचं शून्य

अन्वय, परवा फोनवर तू चांगलाच रागावला होतास. प्रयोगाच्या वहीत तू २.५ लिहिलंस, तुमच्या शिक्षिकेला २.५० हवं होतं, आणि तिनं अर्धा गुण कापला. "आजी, दोन्ही सारखंच ना? शेवटच्या शून्याला अर्थच काय?" असं तू विचारलंस. मागून तुझी बहीण मुक्ता हसत होती. मी तेव्हा "लिहून कळवते" एवढंच म्हणाले, कारण उत्तर फोनवर देण्याजोगं नव्हतं.

तीस वर्षं मी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवलं, तेही इंग्रजीतून. हा धडा दर वर्षी फळ्यावर लिहिला, मुलांकडून पाठ करून घेतला. पण मला स्वतःला तो कळला शाळेबाहेर, उमरग्यात आपल्या घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये. शिकवणारा माणूस सातवी पास होता. त्यांचं नाव मेहबूब मिस्त्री. लेथ मशीनवर लोखंड कातून शाफ्ट म्हणजे फिरणारे दांडे, बुश म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या पोकळ कड्या, आणि पिना करून देणं हा त्यांचा धंदा. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर बंद पडलेला ट्रक असो की कुणाचा पाण्याचा पंप, कुठं काही झिजलं की मंडळी त्यांच्या दारात येत. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणत. मीही म्हणायची.

चाचा उंच आणि किडकिडीत. मशीनवर वाकून वाकून पाठीला कायमचा बाक आलेला. निळ्या शर्टाच्या खिशात पेन्सिल, पोलादी पट्टी आणि एक मऊ फडकं. त्यांचा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारं हत्यार, लाकडी डबीत असायचा, बायकोच्या जुन्या मखमली ब्लाउजच्या तुकड्यात गुंडाळलेला. साबणानं हात धुतल्याशिवाय त्याला कुणी शिवायचं नाही. एकदा एका बड्या गाडीमालकानं तसाच हात घातला, तर चाचा म्हणाले, "शेठ, तुमच्या बोटावरचा मळ बी मोजला जाईल. मग तुमच्या गाडीत काय घालू, शाफ्ट का मळ?"

काम झालं की ते पुठ्ठ्याचा एक तुकडा तारेनं त्या वस्तूला बांधत. त्यावर माप आणि कोपऱ्यात 'मे'. दुकानाला पाटी नव्हती, पण ही चिठ्ठी हैदराबादपर्यंत ओळखत. माप लिहिताना त्यांचा नियम एकच. मायक्रोमीटरनं बघितलं असेल तर पॉइंटानंतर दोन घरं भरायची, शून्य आलं तरी. नुसत्या पट्टीनं बघितलं असेल तर शून्य लावायचं नाही, कुणी कितीही सांगो.

हा नियम लोखंडापुरता नव्हता. मोठ्या मुलीच्या लग्नात भटाऱ्यानं विचारलं, "चाचा, माणूस किती धरू?"

"पाचशे."

"पाचशे नक्की?"

"नक्की कुठं म्हनलं म्या? चारशे बी येतील, सहाशे बी. उद्या मोजून सांगतो."

दुसऱ्या दिवशी वही घेऊन गेले. "चारशे ऐंशी. मोजून."

भटारी हसला. "म्हंजे शेवटी शून्य हायच की!"

"ह्यो शून्य मोजलेला हाय," चाचा म्हणाले. "कालचे दोन नुस्तेच बसले होते." आणि त्यांनी वहीत ४८० च्या पुढं एक ठसठशीत टिंब दिलं. आकडा मोजून संपला, हे दाखवायची ती त्यांची खूण. असं टिंब विज्ञानाच्या पुस्तकांतही देतात, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "आसंल. त्यांना बी लग्नं करावी लागली आसतील," म्हणाले.

आता माझी चूक सांगते. ती तुम्हांला कळायलाच हवी.

एकदा चाचांचा उजवा अंगठा मशीनमध्ये चेंगरला. बारा पिना सोलापूरला घासून नेमक्या करायला पाठवायच्या होत्या आणि सोबत, त्या ज्या बेअरिंगमध्ये बसायच्या ती मोजून काढलेल्या मापांची यादी हवी होती. त्यांनी डाव्या हातानं खरडलेला कागद माझ्याकडे दिला. "बाई, तुमचं अक्षर मोत्यासारखं. जरा सुंदर करून द्या."

मी सुंदर करून दिला. मला नीटनेटकेपणाची हौस. रेघा आखल्या, रकाने पाडले, आणि ३८.५० चं ३८.५, ४०.०० चं ४० करून टाकलं. किमतीत फरक नाही, मग पसारा कशाला? चार दिवसांनी पिना परत आल्या. बारापैकी एकही बेअरिंगमध्ये बसेना. सोलापूरचा माणूस फोनवर म्हणाला, "चिठ्ठीत ४० होतं. ४० दिलं. शंभरावा भाग हवा होता तर तसं लिहायचं."

चाचा माझा कागद घेऊन आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद ओट्यावर पसरला, प्रत्येक मापाच्या पुढची मोकळी जागा फडकं बांधलेल्या अंगठ्यानं दाखवली आणि म्हणाले, "बाई, म्या बारा बार डोळा लावून बघिटलं होतं. तुमी माजी साक्ष खोडली."

मग मला शेडमध्ये नेलं. माझ्या हातात लोखंडाचे दोन दांडे दिले आणि पट्टी दिली. "मोजा." दोन्ही पंचवीस मिलिमीटर. मग एक पितळी बुश दिला. "घाला." पहिला दांडा तेलाच्या थेंबावर सरकत आत गेला, लोण्यात सुरी जावी तसा. दुसरा तोंडाशीच अडला. मी जोर लावला, तो हलेना.

"पट्टीच्या हिशोबानं दोनी पंचवीस. मायक्रोमीटरनं ह्यो पंचवीस पॉइंट झीरो झीरो, आन त्यो पंचवीस पॉइंट झीरो आठ. नुस्तं पंचवीस लिवलं की दोनी त्याच्यात मावतात, बाई. पुढचे दोन झीरो लिवले की एकच ऱ्हातो. झीरो म्हंजे रिकामी जागा न्हाय. तिथं जाऊन बघिटलं आन काय न्हवतं, ही खबर हाय ती."

इतकी वर्षं मी फळ्यावर 'दशांश चिन्हानंतरची शेवटची शून्ये अर्थपूर्ण असतात' असं इंग्रजीतून लिहीत होते. अर्थ कोणता, हे त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी ते दोन दांडे आणि बुश मी वर्गात नेले. अन्वय, तुझ्या शिक्षिकेनं अर्धाच गुण कापला. चाचांनी पूर्ण कापला असता.

उलट बाजूनंही ते तितकेच कडक. न बघितलेलं शून्य लिहिणं त्यांच्या लेखी आणखी मोठं पाप. कुणी वय विचारलं की म्हणायचे, "साठ." पाच वर्षांनीही साठच. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "नुस्तं साठ म्हनतो, बाई. इकडं-तिकडं पाच-सात धरा. जन्माच्या टायमाला मायक्रोमीटर कुनी लावला होता?"

त्यांची धाकटी मुलगी परवीन. बायको गेल्यावर ती शाळेतून थेट शेडमध्ये यायची, आणि लेथवरून निघणारे लोखंडाचे कुरळे कीस गोळा करता करता काम शिकली. पुढं आयटीआयला टर्नरच्या, म्हणजे लेथ चालवायला शिकवणाऱ्या, वर्गात गेली. वर्गात ती एकटीच मुलगी. पास होऊन आली आणि बापाच्या शेजारी उभी राहिली. हात बापासारखा, तोंड मात्र आईसारखं, असं चाचा म्हणत. गिऱ्हाइकं काम तिच्याकडून झालेलं न्यायची, पण ते चाचांनी केलं असं समजून. ती कातायची, चाचा शेवटचं माप बघायचे, चिठ्ठीवर 'मे' पडायचा.

मग एका उन्हाळ्यात माझ्या मिक्सरचा बुश झिजला. चाचांनी नवा करून दिला. घरी येऊन चिठ्ठी बघितली, तर १२.०. मी उलटीपालटी करून पाहिली. पुन्हा १२.०. बारा पिनांचा धडा घेतलेली मी, तशीच चप्पल घालून शेडमध्ये गेले.

"चाचा, एक शून्य राहिलं."

परवीन आत जेवत होती. चाचांनी आधी तिकडं पाहिलं, मग हळू आवाजात म्हणाले, "राहिलं न्हाय, बाई. दिसलं न्हाय."

मायक्रोमीटरवरच्या बारीक रेघा त्यांना महिनाभरापासून पुसट दिसत होत्या. पॉइंटानंतरचं पहिलं घर कसंबसं कळायचं, दुसरं कळत नव्हतं. कुणालाही सांगितलं नव्हतं. जुन्या सवयीनं आणखी एक शून्य ठोकून दिलं असतं, तर उमरग्यात कुणाला समजलं असतं? बुश तर बरोबरच बसला. पण जे दिसलं नाही ते त्यांनी लिहिलं नाही.

"मोतीबिंदू असेल," मी म्हणाले. "दवाखान्यात चला."

"डोळ्याला सुरी लावली आन हाय तेवढं बी गेलं तर?"

"मग परवीनला माप बघू द्या. तिचे डोळे लख्ख आहेत."

"तिला दिसतंय, बाई. लोकांना ती दिसत न्हाय."

हे खरं होतं. चाचांच्या डोळ्यांची बातमी आठवड्याभरात गावभर झाली आणि गिऱ्हाइकं गळू लागली. सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक बिराजदार आण्णा. त्यांचं रस्त्यावर गॅरेज होतं, तीन टँकर होते, निम्मं काम त्यांचंच यायचं. ते स्पष्ट म्हणाले, "चाचा, तुमच्याबद्दल काय म्हननं न्हाय. पन पोरीनं कातलेला शाफ्ट म्या गाडीत घालनार न्हाय. पोळ्या लाटायचं काम न्हाय हे."

"पोळी बी गोल लागती, आण्णा," परवीन आतून म्हणाली. "तुमच्या गॅरेजात एक तरी गोल हाय का?"

आण्णा हसले, पण काम दिलं नाही. चाचांनी मशीन विकायचं ठरवलं. सोलापूरचा एक माणूस येऊन बघूनही गेला. सोमवारी टेम्पो घेऊन येणार होता. परवीन माझ्याकडे येऊन बसली. रडली नाही. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत राहिली आणि म्हणाली, "बाई, मशीन गेलं तर मी ह्या गावात कोन?"

शनिवारी दुपारी आण्णांचा टँकर बंद पडला. पंपाचा शाफ्ट तुटला होता. सोलापूरहून नवा यायला मंगळवार उजाडला असता आणि टँकर पाण्यानं भरलेला. आण्णा घाम पुसत आले. "चाचा, तुमीच करा. शेवटचं काम समजून करा."

"मला दिसत न्हाय, आण्णा. परवीन करंल. न्यायचा तर न्या, न्हाय तर ऱ्हाऊ द्या."

आण्णांनी नवा डिजिटल व्हर्नियर आणला होता. आकडे काचेवर आपोआप दाखवणारा. "बरं. पन मोजनार मी. माज्या मशीननं. पंचेचाळीस पॉइंट झीरो झीरो आलं न्हाय तर शाफ्ट हितंच ठेवून जानार."

"ठेवून जा," चाचा म्हणाले, आणि स्टूल उचलून शेडच्या बाहेर, लेथकडे पाठ करून बसले. मी चहाची किटली घेऊन आले होते. तिथंच थांबले.

दीड तास लेथ चालला. चाचा आवाज ऐकत होते. कट जड पडला की त्यांच्या गुडघ्यावरचं बोट थांबायचं, हलका झाला की पुन्हा हलायचं. शेवटी पातळ, शिट्टीसारखा आवाज आला आणि थांबला.

आण्णा पुढं झाले, व्हर्नियर लावला. काचेवर आकडा आला तसा त्यांचा आवाज चढला. "पंचेचाळीस पॉइंट झीरो दोन! म्हनलं न्हवतं म्या?"

परवीननं हात धुतले, मखमलीतून मायक्रोमीटर काढला, बघितलं. "व्हय. झीरो दोन."

"मग काढ की आजून जरा! टँकर उभा हाय."

"न्हाय काढनार."

"का?"

"गरम हाय. आत्ता मशीनवरनं उतरलंय, हात लावून बघा. लोखंड तापलं की फुगतंय. आत्ता दोन काढले तर थंड झाल्यावर दोन कमी भरतील, आन मग ते परत चिकटवता येत न्हाईत."

आण्णा बाहेर वळले. "चाचा, ऐकताय न्हवं? पोरगी कारनं सांगतीय. सांगा तिला."

मला वाटलं, आता चाचा उठतील. उठून शाफ्टला हात लावला असता तर त्यांना एका क्षणात कळलं असतं. ते उठले नाहीत. पाठ तशीच. "मशीन तिच्या हातात हाय, आण्णा. माज्या न्हाय. बाई, चहा वता."

मी चहा ओतला. पुठ्ठ्याची चिठ्ठी परवीनसमोर होती. तिनं त्यावर ४५ लिहिलं, पुढं पॉइंटाचं टिंब दिलं आणि पेन्सिल बाजूला ठेवली. आण्णांनी एक कप घेतला, दुसरा घेतला. घड्याळ बघितलं. "लिहून टाक ना झीरो झीरो, आन सोड मला," ते वैतागून म्हणाले.

"गरम लोखंडाला झीरो लिवत न्हाईत," परवीन म्हणाली. चाचांचं वाक्य नव्हतं ते. मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिचं स्वतःचं होतं. चाचांनी बशीतला चहा ओठाशी नेला होता, तो तिथंच थांबला.

शाफ्ट निवला. परवीननं तो आण्णांच्या हातात दिला. "तुमीच मोजा. तीन जागी मोजा."

आण्णांनी एका टोकाला व्हर्नियर लावला. मधे लावला, शाफ्ट फिरवून पुन्हा लावला. मग व्हर्नियर माझ्यापुढं धरला. "बाई, तुमीच वाचा. माजा चष्मा गाडीत ऱ्हायलाय."

चष्मा त्यांच्या नाकावरच होता. मी वाचलं, वर्गात वाचायचे तसं, मोठ्यानं आणि स्वच्छ. "पंचेचाळीस पॉइंट शून्य शून्य."

"परत वाचा," चाचा बाहेरून म्हणाले.

"पंचेचाळीस पॉइंट शून्य शून्य, चाचा. तीन जागी."

परवीननं बेअरिंग शाफ्टवर ठेवलं आणि लाकडी हातोडीनं हलकेच ठोकलं. टक, टक, टक, एकसारखं, आणि मग शेवटी एक भरीव ठोका. बेअरिंग जागेवर बसलं होतं. चाचांनी बशी खाली ठेवली आणि दोन्ही तळहातांनी चेहरा पुसला, उन्हातून आल्यासारखा.

आण्णा शाफ्ट खांद्यावर टाकून निघाले, चार पावलं गेले आणि परत आले. "पोरी, चिठ्ठी ऱ्हायली."

परवीननं टिंबापुढं दोन शून्यं सावकाश लिहिली. कोपऱ्यात काय लिहावं म्हणून तिचा हात अडला. आण्णाच म्हणाले, "ज्यानं केलं त्याचं लिव." तिनं 'प' लिहिला.

सोमवारी सोलापूरचा टेम्पो आला तेव्हा आण्णांच्या दुसऱ्या टँकरचा शाफ्ट मशीनवर चढलेला होता. टेम्पोवाल्याला चहा पाजून टेम्पो रिकामा परत पाठवला. गाववाले हळूहळू वळले. आण्णांनी घेतलं म्हटल्यावर बाकीच्यांना तेवढंच निमित्त हवं होतं.

त्या पावसाळ्याअखेर चाचा डोळ्याच्या ऑपरेशनला तयार झाले. मी सोबत गेले. दवाखान्यात नाव लिहून घेणाऱ्या मुलीनं वय विचारलं. "साठ," चाचा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून गप्प राहा अशी खूण केली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते मोठ्या मुलीकडे हैदराबादला राहायला गेले, आणि पुन्हा आमची भेट झाली नाही. म्हणून निघायच्या आदल्या दिवसाचं तेवढं सांगते.

डोळ्यावरची हिरवी पट्टी निघाली होती. बिराजदार आण्णा शेडमध्ये बसले होते. म्हणाले, "चाचा, आता लख्ख दिसतंय म्हनता, मग कशाला जाता? या परत मशीनवर." परवीन हात पुसत बाजूला झाली. लेथपुढची जागा तिनं खरंच मोकळी केली.

चाचा मशीनपर्यंत गेले. साबणानं हात धुतले. मला वाटलं, आता हत्यार उचलतील. त्यांनी तिथं चिठ्ठी बांधून ठेवलेला एक तयार बुश घेतला, खिशातल्या फडक्यानं पुसला, मखमलीतून मायक्रोमीटर काढला आणि उजेडाकडे तोंड करून बराच वेळ बघितलं. मग चिठ्ठी डोळ्याजवळ आणली. ३०.००, कोपऱ्यात 'प'.

"दिसलं, बाई," ते मला म्हणाले.

मायक्रोमीटर पुसून त्यांनी परवीनच्या हातात दिला, तिनं मोकळ्या केलेल्या जागेवर तिला खांद्याला धरून परत उभं केलं, आणि पाठीचा बाक जरासा सरळ करत उन्हात निघून गेले.